साळूचा डाग

नळाला पाणी आलं की भाईंदरच्या त्या गल्लीत आधी हंडे भांडायचे, मग हंडेवाल्या. वैजयंताचा हंडा कधी मागं राहिला नाही, आणि तिची जीभही.

“माणसाला चहापुरतं पाणी मिळेना, न् हिची घोडी गोड्या पाण्यानं न्हातीय,” गोदूबाई सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. गोदूबाई शेजारच्या चाळीतली. टोमणा मारल्याशिवाय तिचा हंडा भरत नसे.

“घोडी नाई, शिंगरू हाय अजून,” वैजयंता म्हणाली. “आन् आमच्या वाटणीचं पाणी देते मी तिला. तुमच्या हंड्यात कवा तोंड घातलं का तिनं?”

“तबेल्यात विहीर आहे की चांगली.”

“त्या विहिरीत तुमी तुमचं लुगडं तरी धुता का? मंग!”

रांग हसली. गोदूबाईही हसली, कारण खरं होतं ते. विहीर खाडीच्या कडेची. पलीकडं मिठागरं पसरलेली. त्या पाण्यानं अंग धुतलं की वाळल्यावर केसाकेसावर मिठाची पूड उरायची, आणि चांदीसारखं शिंगरू राखेत लोळल्यागत दिसायचं. म्हणून वैजयंता नळाचं पाणी वाहायची. स्वतः विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करायची आणि दिवसभर खाजवत बसायची.

तबेला गोवर्धनशेटचा. गोवर्धनशेट गेले तरी तबेला त्यांच्याच नावानं ओळखला जाई. एके काळी भाईंदर स्टेशनाबाहेर त्यांचे टांगे उभे असत, आणि त्यातला एक वैजयंताचा नवरा केरबा हाकायचा. परभणीकडच्या गावात गावकऱ्यांनी त्यांच्या वस्तीतली घरं जाळली त्या वर्षी केरबा आणि वैजयंता अंगावरच्या कपड्यांनिशी इकडं आली होती. केरबाला जनावराची भाषा कळायची, तेवढ्यावर शेटनी तबेल्याला लागून खोली दिली. पुढं रिक्षा आल्या, टांगे मोडीत निघाले. शेटनी मात्र घोड्याचा नाद सोडला नाही. खानदेशातल्या जत्रेतून त्यांनी एक गाभण घोडी आणली, नुकरी. म्हणजे गुलाबी कातडीची, जन्मापासून पांढरी.

भर पावसात त्या घोडीनं शिंगराला जन्म दिला आणि त्याच महिन्यात शेट छातीत कळ येऊन गेले.

घोडी विकली. शिंगरू राहिलं, कारण शेटच्या मुलाला, धनेशला, त्याचा लळा नसला तरी मिरवायची हौस होती. धनेश तिला ‘क्वीन’ म्हणायचा. वैजयंतानं तिचं नाव साळू ठेवलं. तिच्या आईच्या ओव्यांतल्या सगळ्या लाडक्या लेकी साळूच असायच्या, आणि वैजयंताला लेक नव्हती.

साळूच्या उजव्या डोळ्याखाली एक भोवरा होता. ओलं शिंगरू वाळलं तेव्हा वैजयंतानंच तो पहिल्यांदा पाहिला. केस सगळे खाली वाहत आलेले, आणि डोळ्याखाली येऊन गर्रकन फिरलेले. पांढऱ्यावर पांढरा. जवळ गेल्याशिवाय दिसायचा नाही. तिला तिच्या गावची पूर्णा आठवली. वडाच्या डोहाशी पाणी असंच फिरायचं.

बाकी लोकांना मात्र तो दिसला आणि त्यांनी त्याला नाव दिलं. आसूढाळ. डोळ्याखाली भोवरा असलेलं जनावर म्हणे धन्याच्या घरात आसवं आणतं. शेटचं मरण ताजंच होतं. शेटच्या बायकोनं, चंद्रावतीबाईंनी, त्या दिवसापासून तबेल्याकडं पाठ फिरवली. खिडकी होती त्या बाजूला, तिला पडदा लावला.

ह्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

*

दिवाळी सरली, तसा खाडीवरचा वारा सकाळी बोचायला लागला. जनावराला थंडीची चाहूल माणसाआधी लागते. साळूचे केस फुगायला लागले. तेवढ्यात धनेश एक दिवस मोटरसायकलवरून उतरला तो ओरडतच.

“वैजूताई! जानेवारीत वरसाव्याला घोड्यांचं प्रदर्शन लागतंय. पुलाजवळच्या माळावर. बाहेरून जज येतोय. आपली क्वीन उतरवायची. सगळे बंगलेवाले येणार आहेत आपापले घोडे घेऊन. मला हिचं अंग आरशासारखं पाहिजे, काय? तोंड दिसलं पाहिजे त्यात!”

“कुणाचं तोंड?” वैजयंता म्हणाली. “त्यावर हाय ते.”

धनेशला विनोद कळला नाही, पण वैजयंता त्या दिवसापासून कामाला लागली.

थंडीत जनावराचं अंग चमकवणं म्हणजे सरकारी भिंतीला चुना मारणं नव्हे. थंडी केसांना म्हणते, वाढा, आणि आपण म्हणायचं, नका वाढू, तुम्हाला ऊब मी देते. वैजयंतानं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, साळूच्या मापाची, पोटाखाली बंद असलेली. संध्याकाळी वारा सुटला की ती गोधडी साळूच्या अंगावर चढायची. तबेल्यातली बाकीची घोडी पोत्यावर, आणि साळू नऊवारीत. गोदूबाई म्हणायची, “एक नथ तेवढी राहिली.”

सकाळी गोधडी उतरवायची. खरारा फिरवायचा तो फक्त मांडीला, पाठीला. तोंडाला लोखंड कधी लावायचं नाही. मग पेंढ्याची घट्ट चुंबळ करून, किंचित ओली, ती अंगावर थापत न्यायची, केस जातात त्याच वाटेनं. थाप, ओढ. थाप, ओढ. आतलं तेल वर येतं त्यानं. मग नुसता तळहात. लिदीचे पिवळे डाग पडले असतील तिथं राखेची चिमूट, आणि न्हाऊ घालताना शेवटच्या पाण्यात निळीचा एकच थेंब. जास्त पडला तर शिंगरू आभाळाच्या रंगाचं व्हायचं. वैरणीत शिजवलेलं जवस. तळहाताचं काम चालू असताना वैजयंता गायची. साळू एक कान मागं करून ऐकायची.

पांढरी माझी साळू, तिला काळोख लागेना
कुठं ठेवू झाकून, बाई, चांदणं झाकेना

ती डोळ्याखाली यायची तेव्हा हात आपोआप हळू व्हायचा. भोवऱ्यावर अंगठा ठेवून ती तो पाण्याच्या दिशेनं गोल फिरवायची. साळू डोळा मिटायची.

साळूच्या डोळ्याखाली पूर्णेचा गं भोवरा
बघणाऱ्या बाप्यांनो, तुमची नजर आवरा

एवढ्यात एका सकाळी खिडकीचा पडदा हलला. चंद्रावतीबाई खाली आल्या. तबेल्याच्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, नाकाला पदर लावून. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शिंगराकडं पाहिलं.

“वैजे,” त्या म्हणाल्या, “तिचे डोल्याखाली डाग करायचा हाय. दाजीला सांगितलाय मी. त्यो येल पुढल्या आठवड्यान. तवर तिची कातडी मऊ ठेव.”

आणि गेल्या.

वैजयंता हातातली चुंबळ तशीच धरून उभी राहिली. तिच्या गावाकडं डाग करायचा म्हणजे सोनाराकडं जायचं. लेकीला डाग केला, सुनेला डाग घातला. डाग म्हणजे दागिना. दाजी म्हणजे कुणीतरी सोनारच असणार. डोळ्याखाली डाग म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याला, गालावर येईल असं काहीतरी चांदीचं. लग्नाच्या घोड्याला घालतात तसं, पण छोटं, नाजूक. आणि नेमकं त्या भोवऱ्यावर! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हातारीच्या मनातला काटा निघाला म्हणायचा. ज्या जागेला दोन वर्षं शिव्या दिल्या, त्याच जागेला दागिना.

तिनं दोऱ्यानं साळूच्या गालाचं माप घेतलं. तोंडावरच्या पट्ट्याला आतून लाल मखमलीची चिंधी शिवली, डाग टोचू नये म्हणून. आणि नळावर सगळ्या रांगेला सांगून टाकलं.

“डाग? शिंगराला?” गोदूबाईनं हंडा खाली ठेवला. “सोन्याचा?”

“चांदीचा असंल. बाईंनी सवताहून सांगितलं.”

“माझ्या नवऱ्याला सांग गं जरा. त्याला वाटतंय माझ्या कानात सुतळी घातली तरी चालंल.”

केरबाला तिनं सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं घास तोंडात घातला आणि नुसतं “हं” म्हटलं. मग बराच वेळ ताटातच बघत राहिला. तिला वाटलं, मीठ कमी पडलं असेल.

*

दाजी वसईकडचा. बैल, म्हशी, घोडी, सगळ्यांचं काहीबाही करायचा. तो आला तेव्हा ऊन कोवळं होतं आणि साळूचं अंग असं लखलखत होतं की त्यानं दारातच शिट्टी घातली. धनेश होता. चंद्रावतीबाई उंबऱ्याबाहेर पाटावर बसल्या होत्या. केरबानं शेगडी पेटवली होती. वैजयंताला वाटलं, चहाला.

“दाखवा की दाजी,” ती म्हणाली. “किती दिस झाले वाट बघायलेय.”

दाजीनं कापडाची गुंडाळी सोडली. आतून लोखंडाची सळई निघाली, टोकाला नाण्याएवढी चकती. त्यानं ती चकती निखाऱ्यात खोचली.

“ह्ये काय?”

“डाग,” दाजी म्हणाला. “दुसरं काय? एकदाच टेकवायचं, बस. केस जळतात, भोवरा जातो. जज विचारंल तर म्हणायचं, तबेल्यातला खिळा लागला परवा. जखमेला कोण नाव ठेवत नाय बाय.”

वैजयंतानं केरबाकडं पाहिलं. केरबा निखारे वर-खाली करत होता. त्याला ठाऊक होतं. जेवताना ताटात बघत बसला होता तेव्हाच ठाऊक होतं.

“तुमाला म्हाईत होतं,” ती म्हणाली.

“तू एवढी खुश होतीस...”

“म्हणून बोलला नाईत? लोखंड तापेपर्यंत मला मखमल शिवू दिली?”

“वैजूताई, ड्रामा नको ना सकाळी सकाळी,” धनेश म्हणाला. “लाइनमध्ये पहिल्या नजरेत बाद करतात आसूढाळ दिसला की. दोन मिनिटांचं काम आहे. तू फक्त धर तिला.”

“मी?”

“तुझ्याशिवाय कुणाजवळ उभी राहते ती? मला तर लाथ मारते.”

तेव्हा तिला सगळं उमगलं. दोन वर्षं ती जे करत आली, थाप, ओढ, तळहात, ओवी, त्यातून एक दोर वळला गेला होता. ह्या घरात दुसऱ्या कुणाला तो वळता आला नव्हता. आता त्याच दोरानं शिंगरू बांधायचं आणि डोळ्याखाली निखारा लावायचा. साळूला वाटणार, अंगठाच आहे. ती डोळा मिटून घेणार.

वैजयंता साळू आणि शेगडी यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“नाई धरणार.”

“वैजे,” केरबा हळूच म्हणाला, “खाल्ल्या मिठाला...”

“मीठ? त्या विहिरीचं मीठ अंगाला लागून माझी कातडी सोलून निघाली. ते कुणाचं खाल्लं मी?” ती धनेशकडं वळली. “खिळा लागला म्हणायचं! म्हंजे जखम चालती तुमाला, जन्म चालत नाई. तिनं काय केलं हो? दूध पिली, गवत खाल्लं, तुमचा तबेला उजळला. जन्मताना केस कुठून फिरवायचे ते काय तिला इचारलं होतं? आमाला बी नव्हतं इचारलं कुणी. आमच्या बी कपाळावर न दिसणारा भोवरा होता, गावाला बरुबर दिसला. तो जाळायला आख्खी वस्ती जाळली. गेला का?”

दाजीनं सळई फिरवून ठेवली, दुसरी बाजू तापायला.

“बामनासारखं भाषान नको देऊ मना,” चंद्रावतीबाई पाटावरून म्हणाल्या. “ती जन्मली न् माजा दादला गेला. तुजा न्हाय गेला. माजा गेला. त्या भवऱ्यान गेला. मना दिसतो त्यो रोज. पडदा लावला तरी दिसतो.”

“शेट छातीत कळ येऊन गेले, बाई. विड्या ओढून ओढून गेले. डाक्टरनं तुमच्यासमोर सांगितलं.”

“पन ती आल्यावरच का?”

वैजयंताला पुढचं बोलायचं नव्हतं. पण सळईच्या चकतीचा रंग बदलला होता, आणि साळू त्या नव्या वासाकडं कुतूहलानं मान लांब करत होती.

“मंग एक सांगा, बाई. समिधाताईच्या हळदीला तुमी कुठं बसला होता?”

धनेश ओरडला, “ए!”

“सांगू द्या त्यांना. पोटच्या पोरीची हळद. दळली कुणी? तुमी. रात रात जागून दळली. आन् मांडवात लावली कुणी? गावच्या बायांनी. तुमी स्वैपाकघराच्या दाराआड उभ्या होता. मी मागल्या दारी भांडी घासत होते, मला दिसत होता तुमी. नवऱ्याला खाल्लं म्हणाली ना ती तुमची जाऊ? हळू नाई म्हणाली. त्या दिवशी मला असा राग आला होता, असा... वाटलं मांडवात जावं न् परातच उलटी करावी. माझी सत्ता नव्हती. आज इथं हाय. हे शिंगरू मी धरणार नाई, न् दुसऱ्या कुणाला धरू देणार नाई. तुमाला आसूढाळ म्हणणाऱ्यांचं तोंड तुमी धरू शकला नाईत, म्हणून हिचं जाळायलात व्हय?”

केरबानं डोळे मिटून घेतले, खोली सोडावी लागेल ह्या हिशेबानं. चंद्रावतीबाई उठल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की वैजयंताला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसली तर चालेल. त्या वळल्या आणि घरात निघून गेल्या.

“आजपासून तुझा ह्या तबेल्याशी संबंध संपला,” धनेश म्हणाला. “दाजी, आम्ही दोघं धरतो. केरबा, कान पकड तिचे.”

केरबा उठला नाही.

“केरबा!”

“माझा गुडघा धरलाय, शेट,” केरबा जमिनीकडं बघत म्हणाला. त्याचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. वैजयंताला त्या दिवशी नवऱ्याचा तेवढाच आधार मिळाला. तिनं तो ठेवून घेतला, पण माफ लगेच केलं नाही.

धनेशनं स्वतः दावं धरलं. साळूनं एकदाच मान झटकली आणि तो पेंढ्यात बसला. दाजी हसू दाबत म्हणाला, “शेट, असल्या जनावराला मी लोखंड नाय लावत. डोळा जाईल, आन् नाव माझं.”

तेवढ्यात चंद्रावतीबाई परत आल्या. हातात पितळेची वाटी. त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या. लिदीत पाय पडला, तरी आल्या. साळूसमोर उभ्या राहिल्या, आणि वैजयंताला काही कळायच्या आत त्यांनी वाटीत बोटं बुडवून ती साळूच्या डोळ्याखाली, नेमकी त्या भोवऱ्यावर फिरवली.

ओली हळद. गर्द पिवळी.

साळू फुरफुरली, पण हलली नाही.

“आवो बाई!” वैजयंताच्या तोंडून किंकाळीच निघाली. “आवो, डाग पडंल! नुकऱ्या अंगावर! निघायचा नाई तो, परवावर प्रदर्शन आलंय! आन् आमी नाई मानत हे हळदी-बिळदीचं. मला लोखंड नको न् हळद बी नको. तशीच राहू द्या की लेकराला!”

“गप!” चंद्रावतीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. “तू न्हाय मानत. मी मानतंय. माजे पोरीला लावायची र्‍हायली ना माजी हळद? हिला लावतंय. कोन अडवतंय बगू!” आणि त्यांनी आणखी एक बोट फिरवलं. ह्या वेळी बोट भोवऱ्याच्याच वाटेनं गेलं, गोल.

“मम्मी, काय करतेस तू? आता तर लांबून दिसणार ते!”

“दिसू दे,” चंद्रावतीबाई म्हणाल्या.

*

नीळ लावली, राख लावली, ताक लावून पाहिलं असं धनेशला सांगण्यात आलं. खरं तर काहीच लावलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी वैजयंता निळीची बाटली घेऊन बसली होती खरी. हळद पुसावी, तर तिचा भोवरा पुन्हा पांढऱ्यात पांढरा होईल, लपेल. न पुसावी, तर जे आपण दीक्षा घेतली तेव्हाच सोडून दिलं ते आपल्या लेकीच्या तोंडावर. शेवटी तिनं मऊ ब्रश घेतला आणि हळदीसकट केस त्यांच्या त्यांच्या वाटेनं विंचरून घेतले. प्रत्येक केस फिरलेला दिसू लागला. बाटली परत फळीवर ठेवली. हळद कुणाची का असेना, फिरणं साळूचं होतं.

धनेशनं प्रदर्शनातून नाव काढलं नाही. बंगलेवाल्यांत सांगून बसला होता, आता माघार घेतली तर हसं झालं असतं. आणि धरायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं संपलेला संबंध टेम्पोत साळूच्या शेजारी उभा राहून वरसाव्याला निघाला.

माळावर बांबूचं रिंगण केलेलं. पलीकडं खाडी, पूल, आणि घोडबंदरचा रस्ता. म्हणे पूर्वी इथं अरबांची घोडी गलबतातून उतरायची. आता टेम्पोतून उतरत होती. थंडीचं कोवळं ऊन. साळूची गोधडी काढली तेव्हा आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले. ऊन तिच्या पाठीवरून घसरून मांडीवर साचत होतं. एक मुलगी आईला म्हणाली, “मम्मी, ये तो दूध है!”

जज बूटवाला, गॉगलवाला. घोड्यांच्या रांगेतून चालत आला. साळूसमोर थांबला, गॉगल वर केला. पाठीवरून हात फिरवला आणि हाताकडं बघितलं, काही लागलं का म्हणून.

“कोट तो शीशा है,” तो म्हणाला. “किसने बनाया?”

“मैंने,” वैजयंता म्हणाली.

मग तो तोंडाकडं आला. वाकला. सरळ झाला.

“अरे, ये तो आँसूढाल है! ऊपर से हल्दी लगाके दिखा रहे हो?” तो मागं उभ्या धनेशकडं बघून हसला. “भाईसाब, ऐसी मनहूस चीज घर में कौन रखता है? बाहर लो इसको.”

लोक हसले. आणि मग वैजयंतानं असं काही पाहिलं की तिला हसावं की संतापावं कळेना. धनेशचा चेहरा लालबुंद झाला होता.

“मनहूस किसको बोला?” धनेश पुढं झाला. “मेरे बाप की घोडी है! मेरे घर में क्या रखना, क्या नहीं, तू सिखाएगा? हमारे भाईंदर में आके?”

हाच तो. परवा ह्यानंच दावं धरलं होतं. वैजयंताच्या जिभेवर आलं होतं, शेट, सळई आणली का संगट? पण तिनं ते तोंडात ठेवलं. नंतरसाठी.

रिंगणाच्या माणसानं बाजूच्या बांबूतल्या फटीकडं बोट केलं. “बाई, इधर से निकालो. जल्दी.”

बाद झालेली जनावरं त्या फटीतून बाहेर जात होती, मान खाली घालून, गटाराच्या कडेनं.

“ज्या दारानं आली, त्याच दारानं जाणार ती,” वैजयंता म्हणाली.

“अरे, गेट उस तरफ है! पूरा राउंड मारना पड़ेगा!”

“मारते की.”

आणि ती निघाली. दावं सैल. साळू तिच्या खांद्याशी, एक कान तिच्याकडं. बंगलेवाल्यांच्या खुर्च्यांसमोरून, जजच्या मंडपासमोरून, सावकाश, साळूची उजवी बाजू लोकांकडं राहील अशी. भोवरा सोन्याच्या नाण्यासारखा उन्हात पेटला होता. वैजयंता आधी पुटपुटत होती, मग अर्ध्या रिंगणात तिचा आवाज मोठा झाला.

साळूच्या डोळ्याखाली पूर्णेचा गं भोवरा
बघणाऱ्या बाप्यांनो, तुमची नजर आवरा

कुणी शिट्टी मारली. कुणी म्हणालं, पागल है. खुर्च्यांच्या मागच्या रांगेत चंद्रावतीबाई उभ्या होत्या. एवढ्या लोकांत त्या दोन वर्षांत आल्या नव्हत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, काही नाही. फक्त शेजारची बाई “अपशकुनी दिसते” असं काहीतरी बोलली, तिच्याकडं वळून त्यांनी आपली पिवळी बोटं तिच्या नाकासमोर धरली आणि म्हणाल्या, “मी लावलाय. काय म्हनना हाय तुजा?”

परतताना टेम्पोत धनेश म्हणाला, “पुढच्या वर्षी परत आणू तिला. बघतो कोण काढतो.”

“आणा,” वैजयंता म्हणाली. “पण धरणार मीच. आन् दाजीची सळई दिसली ना कुठं, तर आधी तुमच्या मोटरसायकलीवर टेकवीन. रंग बरा हाय तिचा, डाग उठून दिसंल.”

केरबा खाली बघून हसला. ती त्याच्याकडं बघून हसली नाही. त्याला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवशी नळावर गोदूबाई टपलेलीच होती.

“काय गं, झाला का डाग?”

“झाला की.”

“खरंच? बघू तरी.”

गोदूबाई हंडा तिथंच ठेवून तबेल्यात आली. साळू नऊवारी गोधडीत उभी होती. गोदूबाईनं वाकून बघितलं, मग तोंडाला पदर लावला.

“अगं बाई, ही तर हळद! मला वाटलं चांदीचा असेल. नीळ लाव थोडी, जाईल की लगेच.”

वैजयंता चुंबळ ओली करत होती. तिनं मान वर केली नाही.

“लावून तर बघा हात,” ती म्हणाली.